खांद्यावरचं नाव

कावळे आलेच नाहीत असं कुणी म्हणू नये. कुकडीच्या घाटावर करंजाचं मोठं झाड आहे, त्यावर ते दाटीवाटीनं बसले होते. मधूनच एखादा खाली उतरे, पिंडाभोवती दोन उड्या मारी, मान वाकडी करून बघे आणि पुन्हा फांदीवर जाऊन बसे. शिवत मात्र एकही नव्हता.

भिमाजी हात जोडून उभा होता. मुंडण केलेल्या डोक्यावर ऊन चढत होतं. धाकट्या भावाचा, कुंडलिकचा, दहावा होता. कुंडलिकला मुलगा नव्हता, लहानशी एक मुलगी तेवढी, म्हणून पिंड थोरल्या भावानं दिले होते. नैवेद्याचं ताट मांडून सगळे लांब सरले होते आणि अख्खी पिंपळवंडी एका काळ्या पाखराची वाट बघत होती. गेलेल्याचा जीव कशात तरी अडकला असला की कावळा शिवत नाही, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग घरच्यांनी पुढं व्हायचं, त्याच्या मनात काय राहिलं असेल ते ओळखायचं आणि मोठ्यानं शब्द द्यायचा. शब्द बरोबर पडला की कावळा झेप घेतो.

जुन्नर-आंबेगावात दहावा म्हणजे निम्मी सभाच असते. मांडव, लाऊडस्पीकर, प्रवचन आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. कुंडलिकच्या दहाव्यालाही ते सगळं यथासांग झालं. एका पुढाऱ्यानं माईक हातात घेऊन सांगितलं, की कुंडलिकराव अबोल होते, शब्दानं त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही. जन्मात एक शब्द तोंडातून न काढलेल्या माणसाची ही स्तुती! पण त्या पुढाऱ्याला तरी दोष कसा द्यावा, त्याला अजून दुसरा घाट गाठायचा होता.

कुंडलिक बहिरा होता. अंगावर पीत असताना तापात कान गेले आणि कानाबरोबर वाचा गेली. गावानं त्याला 'मुका' म्हणायला सुरुवात केली आणि मग तेच नाव होऊन बसलं. पुढं तो सुतारकाम शिकला, आळेफाट्यावर त्यानं दुकान घातलं, त्याच्या हातच्या चौकटी आणि दारं पार ओतूरपर्यंत गेली. तरी दुकान मुक्याचं, बायको मुक्याची आणि लेक मुक्याची.

भिमाजीचा त्याच्यावर जीव होता, हे खोटं नाही. लहानपणी रस्त्यानं जाताना पोराला मागून येणारी गाडी ऐकू यायची नाही, म्हणून भिमाजी त्याला खांद्यावर घेऊन रानात न्यायचा. पोर चांगलं घोडं झालं तरी खांद्यावरच. लोक हसायचे. पुढं लग्नाचं वय झालं तेव्हा भिमाजीनंच मंचरच्या पलीकडून लंका शोधून आणली. तीही बहिरी. "मुक्याला मुकी, देवानंच जोडी घातली," असं म्हणून गाव जेवून गेलं. मुलगी झाली. आत्यानं टीव्हीवरच्या मालिकेतलं नाव ठेवलं, आरोही. गाण्यातलं नाव, आणि पुढं कळलं की शेजारी पितळी आदळली तरी पोर दचकत नाही. धोंडाबाईनं, म्हणजे या दोघा भावांच्या आईनं, कपाळ बडवून घेतलं. कुंडलिक आणि लंका मात्र रडले नाहीत. आपल्यासारखंच मूल झालं, यात रडण्यासारखं काय आहे हे त्यांना कळेना.

त्या घरात कुंडलिकशी बोलायचं म्हणजे जेव, चल, थांब, पैसे, पाऊस. हाताच्या चार खुणा, बाकी सगळं अंदाजानं. भिमाजीला वाटायचं, भावाजवळ बोलायला तेवढंच आहे. मग एकदा रविवारी तो कामाला म्हणून आळेफाट्याच्या स्टँडवर उतरला आणि त्यानं कुंडलिकला त्याच्यासारख्याच बहिऱ्यांच्या घोळक्यात पाहिलं. पाच-सहा जणांचे हात एकदम चालले होते. कुंडलिक काहीतरी लांबलचक सांगत होता, कुणाच्या तरी चालण्याची नक्कल करत होता, भुवया उडवत होता, आणि बाकीचे पोट धरून हसत होते. हा माणूस गप्पिष्ट आहे, हे भिमाजीला त्या दिवशी कळलं. त्याला आनंद व्हायला हवा होता. झालं भलतंच. कुणीतरी आपला भाऊ पळवून नेला असं त्याला वाटलं, आणि तो ओळख न देता घरी आला.

त्या घोळक्याचा म्होरक्या आण्याचा पोरगा सोपान. बौद्ध वस्तीतला, तोही बहिरा. लहानपणी पुण्याच्या शाळेत राहिलेला. तिथं वर्गात मास्तर हात हलवू देत नसत, तोंडानंच बोला म्हणत. पण वसतिगृहात दार लावलं की पोरांची हातांची भाषा सुरू व्हायची. ती पुरी भाषा घेऊन सोपान परत आला आणि फाट्यावर त्यानं ती कुंडलिकला दिली, कुंडलिकनं लंकाला दिली आणि आरोही तर ती दुधाबरोबरच प्याली. सोपानची मुलगी यशोधरा ऐकणारी होती. नारायणगावला कॉलेजात जायची आणि बापाचं बोलणं जगाला, जगाचं बापाला सांगायची.

आदल्या दिवाळीत कुंडलिक, सोपान आणि यशोधरा भिमाजीच्या ओट्यावर आले. कुंडलिक हातानं बोलला, यशोधरानं तोंडानं सांगितलं. पुण्याला एक नवी शाळा निघालीय, तिथं मुलांना हाताच्या भाषेतच शिकवतात. आरोही सात वर्षांची झाली. जूनमध्ये तिला तिथं घालायची.

"न्हाई," भिमाजी म्हणाला. "पोरगी बोलत न्हाई. परक्या गावात तिला कुनी काय केलं, तर वरडनार कशी? माज्या जिवात जीव हाये तवर ती या उंबऱ्याच्या आतच ऱ्हाईल."

हे तो दुष्टाव्यानं बोलला नव्हता. त्याला खरंच भीती वाटत होती. कुंडलिकनं पुन्हा हात उचलले, तेव्हा मात्र भिमाजीनं तोंड फिरवलं आणि गोठ्याकडं बघत बसला. ऐकणाऱ्यासमोर तोंड फिरवलं तर फार तर राग कळतो, कान उघडेच राहतात. बहिऱ्यासमोर तोंड फिरवणं म्हणजे त्याचं बोलणं तिथल्या तिथं मारून टाकणं. कुंडलिकचे हात हवेत थोडा वेळ राहिले आणि खाली आले. त्या दिवसापासून भावांमध्ये जेव, चल, थांब एवढंच उरलं.

चैत्र सरता सरता कुंडलिकला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग उशीर झाला, मग नारायणगावच्या एका दवाखान्यात ठेवलं. लंकाला पोरीपाशी घरी ठेवून भिमाजी स्वतः खाटेशी बसला. कुंडलिकचे डोळे हळदीसारखे झाले होते. तो सारखे हात हलवायचा. सलाईनची सुई निघायची, रक्त यायचं. नर्स म्हणाली, "याला वात झालाय, हात धरा." मग पट्टीनं मनगटं खाटेला बांधली. तरी तो बोटांनी गादीवर थोपटत राहिला. दोनदा थोपटायचं, थांबायचं, भिमाजीकडं बघायचं, पुन्हा दोनदा. भिमाजीला ते बघवेना. त्यानं भावाच्या दोन्ही तळव्यांवर आपले तळवे दाबून धरले आणि खिडकीबाहेर बघत बसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बघत होता खिडकीबाहेर. तिसऱ्या दिवशी दुपारी ती बोटं थांबली.

आणि आता कावळा शिवत नव्हता.

"भिमाजी, काय तरी राहिलंय त्याचं," गुरुजी म्हणाले. "बोल बाबा."

भिमाजीनं घसा खाकरला. "कुंडलिका, दुकानाची काळजी करू नगंस. हत्यारं जपून ठेवीन." कावळे जागचे हलले नाहीत. "लंकाला अंतर देनार न्हाई, माज्या बहिनीवानी सांभाळीन." एक कावळा उतरला, पिंडाजवळ गेला आणि परतला. घाटावरून हळहळ उठली. मग ज्याला जे सुचेल ते तो ओरडू लागला. मामा म्हणाला, तमाखू ठेवा, ठेवली. कुणी म्हणालं त्याला जिलबी आवडायची, जिलबी आली. चुलता म्हणाला, पोरीचं लगीन थाटात करू. सगळं गाव पिंडाकडं तोंड करून ओरडत होतं आणि भिमाजी मात्र पिंडाकडं बघायचं टाळत होता. कारण एक शब्द असा होता, जो त्यानं अजून उच्चारला नव्हता, आणि अडलंय ते त्याच शब्दापाशी, हे त्याला ठाऊक होतं.

मांडवाच्या कडेला फाट्यावरची बहिरी मंडळी उभी होती. मंचरहून आलेली, पुण्याहून आलेली. भाषणं चालू असताना त्यांचे हात आपसांत चालू होते. मधूनमधून त्यांतला एकेक जण कानाच्या वर बोट ठेवायचा. गावातलं कुणीतरी कुजबुजलं होतं, "बघा, बहिरा म्हनून सांगत्यात." आता त्यांच्यातून सोपान पुढं आला, बरोबर यशोधरा. गुरुजींनी कपाळाला आठ्या घातल्या.

"भिमाजीकाका," यशोधरा म्हणाली, "आम्ही हे कावळ्याचं मानत नाही. पण कुंडलिककाकांचं एक सांगणं बाबांकडं आहे. काका गेल्यावर तिसऱ्या दिवशी घरी आलो होतो, तुम्ही तोंड फिरवून आत गेलात."

सोपाननं कानाच्या वर बोट ठेवलं आणि यशोधरा माईकशिवाय, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्या हातांचं बोलणं सांगू लागली. "हे कुंडलिककाकांचं नाव. कानावर पेन्सिल खोचायचे ना, सुताराची, म्हणून. आमच्यात प्रत्येकाला असं नाव असतं, ते आपल्या माणसांनीच ठेवायचं असतं. त्यांना मुका कुणी म्हणत नाही." सोपाननं गालात बोट रुतवून फिरवलं. "ही आरोही. गालावर खळी पडते म्हणून." मग त्यानं उजवा हात डाव्या खांद्यावर नेला आणि दोनदा थोपटलं. "आणि हे तुम्ही."

"मी?"

"कुंडलिककाकांनी ठेवलंय. लहानपणी तुम्ही खांद्यावर घेऊन फिरवायचात, म्हणून. इथं ही जी सगळी माणसं आहेत ना, पुण्याची, मंचरची, ती तुम्हाला याच नावानं ओळखतात. कितीदा सांगितलंय काकांनी त्यांना तुमच्याबद्दल."

भिमाजीनं तिकडं पाहिलं. त्या अनोळखी माणसांनी त्याच्याकडं बघून खांद्यावर दोनदा थोपटलं, अगदी आदरानं. आयुष्यात आपल्याला आणखी एक नाव आहे हे त्याला पन्नाशीत कळत होतं.

"बाबा एकटेच दवाखान्यात गेले होते," यशोधरा पुढं म्हणाली. "तुम्ही औषध आणायला खाली गेला होतात. कुंडलिककाकांचे हात बांधलेले होते. खांद्यापर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून ते गादीवर थोपटत होते. दोनदा, थांबून पुन्हा दोनदा. ते तुम्हाला हाक मारत होते, काका. बाबांना त्यांनी बोटांनी तेवढं सांगितलं, की मी याला हाक मारतोय आणि तो बघत नाहीये. त्याला सांग, आरोहीला शाळेत घालू दे."

भिमाजी घाटाच्या फरशीवर खाली बसला. हातांकडं बघत राहिला, आपल्याच. याच तळव्यांनी त्यानं ती बोटं दाबून धरली होती. वात कसला अन् भ्रम कसला. मरणारा भाऊ त्याचं नाव घेऊन हाका मारत होता आणि त्यानं त्याचं तोंड बांधलं होतं. मायेनं बांधलं होतं, हेच जास्त लागत होतं. आता कुठल्या तोंडानं रडावं हेही त्याला कळेना.

मग तो एकदम पिंडाकडं वळला आणि घसा फाटेस्तोवर ओरडला, "धाडीन रं! तुज्या पोरीला साळंत धाडीन! मी सोता घालून येईन पुन्याला! ऐकलंस का कुंडलिका? शिव आता, शिव रं बाबा!"

सगळ्यांचे डोळे करंजाकडं लागले. कावळे बसूनच होते. गुरुजींनी सुस्कारा टाकला आणि दर्भाच्या काड्या हातात घेतल्या. काहीच इलाज उरला नाही म्हणजे दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. विधी उरकतो, पण घरच्यांच्या मनाला जन्माची रुखरुख लागते.

तेवढ्यात धोंडाबाई उठली. सकाळपासून ती भिंतीला टेकून बसली होती.

"आरं, कुनाला वरडून सांगतुयास?" ती म्हणाली. "जित्तेपनी त्येला कदी ऐकू आलं व्हतं का? मग मेल्यावर कान उगवलं व्हय त्येला? सकाळधरनं समदं गाव बोंबलतंय. माज्या लेकराला काय कळनार त्यातलं!"

एवढ्या माणसांत, त्या गुरुजींत, त्या पुढाऱ्यांत, कुणाच्या म्हणून ते डोक्यात आलं नव्हतं. आयुष्यभर त्याच्याशी तसंच बोलले होते, मेल्यावरही तसंच बोलत होते.

भिमाजी उठला आणि बायकांच्या घोळक्यात लंका बसली होती तिकडं गेला. गेल्या दहा दिवसांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. सांत्वनाला येणारे तिच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि बोलायचे धोंडाबाईशी. भिमाजी तिच्यासमोर उकिडवा बसला, आपले दोन्ही हात त्यानं पुढं केले आणि नुसता बघत राहिला. मला शिकव, एवढं काही त्याला हातानं म्हणता येत नव्हतं. पण ते कळायला खुणेची गरज नव्हती. लंकाच्या डोळ्यांना धार लागली. ती उठेना, पण तिनं आरोहीला पुढं ढकललं.

पोरगी काकाचा हात धरून पिंडासमोर गेली. आधी तिनं स्वतः करून दाखवलं. कानाच्या वर बोट. गालावर बोट. तळवे पुस्तकासारखे उघडायचे. मग हात पुढं न्यायचा, लांब, कुणाला वाटेला लावतात तसा. शेवटी गळ्याला चिमटा, म्हणजे शपथ. भिमाजीनं तसं केलं. नांगराची मूठ धरलेली त्याची बोटं वळत नव्हती. पुस्तक उघडायच्या जागी त्यानं ओंजळ केली. आरोहीनं मान हलवली, त्याचे तळवे धरून सरळ केले. त्यानं पुन्हा केलं. ती अजूनही नाखूश. तिनं टाचा उंचावून दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं, गाल वर-खाली हलवले.

"ती म्हणते, तोंड मख्ख ठेवलंय," लांबून यशोधरा म्हणाली. "नुसते हात हलवून आमच्यात अर्धंच बोलणं होतं, काका. मनात आहे ते तोंडावर दिसायला लागतं."

दहा दिवस भिमाजीनं तोंड आवळून धरलं होतं. कर्त्या पुरुषानं चारचौघांत रडू नये म्हणतात. त्यानं ते सोडून दिलं. डोळे, नाक, ओठ, सगळं पाझरू लागलं, आणि तशा तोंडानं, अख्ख्या गावासमोर, आपल्या भावाशी तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला. पेन्सिलवाल्या. तुझी खळीवाली. शाळेत. पाठवीन. गळ्याशपथ. आणि कुणी न सांगता शेवटी त्यानं आपल्या खांद्यावर दोनदा थोपटलं, म्हणजे सांगतोय कोण ते त्याला कळावं.

बाजूला फाट्यावरच्या मंडळींनी हात वर केले आणि पंजे हवेत हलवले. त्यांच्या टाळ्या अशा, बिनआवाजाच्या. गावातल्या एका म्हातारीनं ते पाहून आपलाही सुरकुतलेला हात वर केला, मग तिच्या शेजारणीनं केला. माईकवाल्यानं कधी कोण जाणे, स्पीकर बंद केला होता.

भिमाजी आरोहीसमोर खाली बसला. आता तिची नजर त्याच्या नजरेला सरळ भिडत होती. पोरीनं खांद्यावर दोनदा थोपटून त्याला हाक मारली आणि ती बोलू लागली. भराभरा, भुवया उंचावून, काहीतरी विचारत होती. शाळेबद्दल असेल, बापाबद्दल असेल, भेटायला येशील ना असंही असेल. भिमाजीला त्यातलं आपलं नाव तेवढं कळलं. बाकीचं कळत नव्हतं, तरी तो डोळे ताणून त्या लहान बोटांकडं बघत होता.

"शिवला! शिवला!" घाटावर एकच गलका उठला. धोंडाबाईनं हंबरडा फोडला. माणसं पिंडाकडं धावली, कुणी हात जोडले, कुणीतरी मागून भिमाजीचा दंड धरून हलवला, "आरं, बघ की! शिवला कावळा!"

भिमाजीनं वळून पाहिलं नाही. पोरगी अजून बोलत होती.